मऊ, मध्यम की कठीण? एकाच शाफ्टवर टिपा बदलून घेतलेल्या नोंदी

१० जून

पूल पार्लरमधल्या हाऊस क्यूंच्या (गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या खेळायच्या काठ्यांच्या) टिपा, म्हणजे टोकावरच्या चामड्याच्या चकत्या, पावसाळ्यात बदलायच्या आहेत. मऊ घ्यायच्या की कठीण, यावर एकमत नाही. ‘मऊ टिपेने साइड (बॉलला बाजूला मारून दिलेली फिरकी) जास्त लागते, स्क्रू (खाली मारून बॉल मागे आणणं) जास्त येतो’ हे सगळ्यांच्या तोंडी असतं, आणि त्यावर भरवसा ठेवून लोक दोन-दोन हजारांची टिप घेतात. आधी तपासायचं, मग पैसे घालायचे.

पद्धत ठरली ती अशी: शाफ्ट (क्यूचा पुढचा निमुळता भाग) एकच, मेपलचा, पुढचं टोक १३ मिमी. फेरूल (टिपेखालची कडक टोपी) तेच, बट (क्यूचा मागचा जाड भाग) तोच, फक्त टिप बदलायची. चार क्यूंवर चार टिपा लावून तुलना केली तर काहीच कळत नाही. साइड लावल्यावर व्हाइट (क्यूने मारायचा पांढरा बॉल) सरळ रेषेतून किती सरकतो हे मुख्यतः शाफ्टच्या पुढच्या वीतभर भागाच्या वजनावर ठरतं, टिपेच्या कठीणपणावर नाही. शाफ्ट बदलला की तो फरक उगाच टिपेच्या नावावर जमा होतो.

घेतलेल्या टिपा: एल्क मास्टर (एकसंध, मऊ), ट्रँगल (एकसंध, कठीणाकडे झुकणारी), कामुईच्या थरांच्या टिपांपैकी एस, एम आणि एच (मऊ, मध्यम, कठीण), आणि ब्रेकसाठी (डाव सुरू करणारा जोरदार मार) एक फिनॉलिक (कडक रेझिनची). एकसंध टिप शंभराच्या आसपास मिळते. थरांची त्याच्या पंधरा-वीसपट पडते. बाकी सामान: सायनोअ‍ॅक्रिलेट जेल, १२० पासून ६०० पर्यंतचे पॉलिश पेपर, कटरची नवी पाती, मास्किंग टेप, व्हर्निअर.

१२ जून

कठीणपणा मोजायला शोअर डी ड्युरोमीटर आणला. या मीटरचे आकडे जपून वापरावे लागतात. नियमानुसार नमुना किमान ६ मिमी जाड हवा आणि सुई कडेपासून बरीच आत टेकायला हवी. १४ मिमी रुंदीच्या टिपेत ते शक्यच नाही. म्हणून हे आकडे फक्त आपल्याच टिपा आपसात ताडून बघायला वापरायचे, दुसऱ्याच्या तक्त्याशी जुळवायचे नाहीत.

मोजताना लक्षात आलेल्या गोष्टी:

टिप शाफ्टवर बसवून, गोलाई दिल्यावर मोजली तर सुई घसरते आणि आकडा काहीही येतो. मोजायचं ते बसवण्याआधी, सपाट खालच्या बाजूने, खाली स्टीलची पट्टी ठेवून.

चामड्यात सुई हळूहळू रुतत जाते, आकडा उतरत राहतो. टेकवल्यापासून एका सेकंदाला वाचायचा, दर वेळी तसंच.

मऊ टिपा सत्तरीच्या पहिल्या निम्म्यात, मध्यम पंचाहत्तरच्या पुढे, कठीण ऐंशीच्या वर. एकसंध टिपांमध्ये एकाच डब्यातल्या दोन टिपांत चार-पाच अंकांचा फरक सहज दिसला. चामडं पाठीचं की पोटाचं, यावर ते ठरतं. थरांच्या टिपा आपसात खूपच जवळ आहेत, आणि त्यांची जास्तीची किंमत खरं तर या सारखेपणाची आहे. शिवाय एका कंपनीची ‘एम’ ही दुसरीच्या ‘एस’ इतकी असू शकते. या अक्षरांना सगळ्यांना बांधणारं कोणतंही प्रमाण नाही.

१५ जून

पहिली मऊ टिप पातळ सुपरग्लूने बसवली आणि वाया गेली. पातळ द्रव चामड्यात केशनलिकांतून वर चढतो आणि तिथेच गोठतो. टिप कापून उभी चिरली तेव्हा खालचा जवळजवळ तिसरा हिस्सा काचेसारखा झालेला दिसला. वरून मऊ आणि खालून दगड अशी ती टिप होती. अशा टिपेवरून मऊ-कठीणाची तुलना करणं व्यर्थ आहे, आणि बाजारात बसवून मिळणाऱ्या बऱ्याच टिपांचं हेच झालेलं असतं.

आता जेल. क्रम असा:

फेरूलचा माथा पात्याने खरवडून जुना गोंद पूर्ण काढायचा. पॉलिश पेपर बोटावर धरून घासू नये, कडा उतरतात आणि मधे उंचवटा राहतो. पेपर काचेच्या तुकड्यावर सपाट ठेवायचा, शाफ्ट त्यावर उभा धरून आठच्या आकारात फिरवायचा, माथा आणि काच यांच्यामधून कुठूनही उजेड दिसेनासा होईपर्यंत. टिपेची खालची बाजूही तशीच, १२० च्या पेपरवर. मग ज्वारीच्या दाण्याएवढं जेल, टिप ठेवून थोडी फिरवायची, क्लॅम्प हलक्या दाबाने. जास्त दाबलं तर जेल सगळं बाहेर येतं आणि सांधा उपाशी राहतो. बाहेर आलेलं ओलं असतानाच पुसायचं. रात्रभर ठेवायचं, ‘दहा सेकंदांत चिकटतं’ हे कपाच्या कानाला ठीक आहे, ब्रेक मारायच्या क्यूला नाही.

१७ जून

टिपेची कड कापणं. फेरूलवर मास्किंग टेपचे दोन वेढे. शाफ्ट उलटा, टिप लाकडी फळीवर दाबून धरलेली, आणि पातं फेरूलला लागून खाली फळीकडे. पातं प्रत्येक टिपेला नवं. जुन्या पात्याने थरांच्या टिपेचे थर कडेला उचकटतात. मग ४०० आणि ६०० चा पेपर, आणि शेवटी कडेला किंचित पाणी लावून चामड्याच्या तुकड्याने जोरात घासायचं, ती गरम होऊन चकाकेपर्यंत. ही पायरी मऊ टिपेला अत्यावश्यक आहे, नाहीतर पहिल्याच आठवड्यात ती फेरूलच्या बाहेर फुगते.

गोलाई: सगळ्या टिपांना एकच, हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा नियम. अमेरिकन पुस्तकांत निकेल (पाच सेंटच्या) नाण्याची गोलाई सांगतात, ते २१.२१ मिमी व्यासाचं. आपल्याकडे २०११ च्या मालिकेतला रुपया २१.९३ मिमी आहे, तो जवळपास तसाच. २०१९ च्या मालिकेतला रुपया २० मिमी, म्हणजे जरा जास्त टोकदार. दोन्ही सुट्ट्या पैशांत मिसळलेले असतात, तेव्हा व्हर्निअर लावूनच नाणं निवडावं.

दहा रुपयांचं नाणं, २७ मिमी, वापरू नये. कारण साधं आहे. पूलचा बॉल ५७.१५ मिमीचा, त्रिज्या २८.६. मध्यापासून अर्ध्या त्रिज्येपलीकडे, म्हणजे साधारण १४.३ मिमीपलीकडे मारलं की मिसक्यू होतो, म्हणजे टिप बॉलवरून घसरते. बॉलवर त्या ठिकाणी लागताना टिपेवर स्पर्श कुठे होतो? टिपेच्या गोलाईच्या त्रिज्येच्या निम्म्यावर. रुपयाच्या गोलाईत ते मध्यापासून साडेपाच मिमीवर येतं आणि १३ मिमीच्या टिपेला कडेपर्यंत साडेसहा मिमी आहेत, म्हणजे अजून चामडं शिल्लक. दहाच्या नाण्याच्या गोलाईत ते पावणेसात मिमीवर जातं, म्हणजे टिपेच्या बाहेरच. भरपूर साइड लावायला गेलं की कड लागते. टिप मऊ असो की कठीण, चपटी झाली की हेच घडतं. पुढच्या नोंदींत याचा पुन्हा पुन्हा संबंध येईल.

२१ जून

हाताने मारून तुलना होत नाही. टिपेचा आवाज बदलला की हात आपोआप मार बदलतो. म्हणून झोका केला: स्लॉटेड अँगलची चौकट टेबलाच्या हेडकडच्या (ब्रेक मारतात त्या टोकाच्या) बाजूला उभी केली, तिला दोन ठिकाणी नायलॉन दोरा, त्यावर क्यू टांगलेला. ठरलेल्या अंतरापर्यंत मागे ओढायचा आणि सोडायचा. टेबलावरच्या दिव्याची शेड मधे येते, त्यामुळे चौकट टेबलाच्या मध्यावर नेता येत नाही. बट रेलच्या (टेबलाच्या उंच काठाच्या) वरून जायला हवा म्हणून क्यू तीन-चार अंश कलता राहतो. खेळतानाही तो तसाच असतो, त्यामुळे ते चालवून घेतलं.

पहिला दिवस फुकट गेला. एकेका दोऱ्यावर क्यू आडवा डुलतो आणि टिप दर वेळी दोन-तीन मिमी इकडेतिकडे लागते. इतक्या फरकात टिपेचा फरक बुडून जातो.

२४ जून

दुरुस्ती: प्रत्येक टांगणीला एकाऐवजी दोन दोरे, वर फाकवलेले, खाली क्यूपाशी एकत्र. आता क्यू फक्त पुढे-मागे जातो. उंची बारीक बदलायला प्रत्येक दोऱ्याला छोटा टर्नबकल. हाताने सोडताना झटका बसत होता. त्याऐवजी बटाला सुती दोरा बांधून मागे अडकवायचा आणि कात्रीने कापायचा. क्यू पुढे निघून जाऊ नये म्हणून मागून सैल दोरीचा अटकाव.

बॉल ठेवण्याची जागाही पक्की हवी. क्लॉथवर खूण न करता पातळ डोनट स्टिकर लावलं, बॉल त्याच्या भोकात बसतो. टिप कुठे लागली हे बघायला व्हाइटऐवजी पट्ट्याचा बॉल पुसून स्वच्छ ठेवायचा. प्रत्येक शॉटनंतर चॉकचा (टिप घसरू नये म्हणून तिला लावतात त्या निळ्या भुकटीचा) ठिपका दिसतो, व्हर्निअरने मध्यापासून अंतर घ्यायचं. बऱ्याच सेटमध्ये पट्ट्याची कड साधारण अर्ध्या त्रिज्येवर येते, त्यामुळे मिसक्यूची सीमाही डोळ्यासमोर राहते.

२७ जून

मध्यावर मार, साइड नाही. हेड स्पॉटवरून (हेडकडची खूण) सरळ फूट कुशनला (समोरच्या टोकाची रबरी कड) आणि परत. ओढ सगळ्यांना सारखी.

इथे फरक स्पष्ट दिसला. कठीण चामड्याची टिप मऊपेक्षा बॉल बारा ते पंधरा सेंटिमीटर पुढे आणते, फिनॉलिक त्याहून चांगलीच पुढे. मऊ टिप दबताना आणि सुटताना ऊर्जा स्वतःत जिरवते. चामड्याच्या टिपेत आणि फिनॉलिकमध्ये व्हाइटच्या वेगात काही टक्क्यांचाच फरक असतो, पण लोळण्याचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे टेबलावर तो मोठा दिसतो.

ठिपकाही वेगळा. मऊ टिपेचा मोठा आणि पसरट, कठीण टिपेचा लहान आणि गडद. स्पर्शाचा वेळ मात्र दोन्हींत एक मिलिसेकंदाच्या आसपासच. ‘मऊ टिप बॉल धरून ठेवते’ असं म्हणतात. पण मार हाताला जाणवेपर्यंत बॉल निघून गेलेला असतो, त्या वेळात खेळाडूला काहीही करता येत नाही.

१ जुलै

आता साइड. २७ जूनवरून एक धडा घेतला: ओढ सारखी ठेवली तर कठीण टिपेचा बॉल जोरात जातो, आणि कुशनवरचा कोन वेगावरही थोडा ठरतो. म्हणून आधी प्रत्येक टिपेसाठी मध्यावर मारून परतीचं अंतर सारखं येईपर्यंत ओढ कमी-जास्त केली, मगच क्यू बाजूला सरकवला. चॉकचा ठिपका मध्यापासून १० मिमीवर येईल असा. ज्या शॉटचा ठिपका अर्ध्या मिमीपेक्षा जास्त चुकला तो धरला नाही.

फूट कुशनवरून परत येताना बॉल लांब कुशनला कुठे लागतो, ते बघितलं. एकाच टिपेच्या लागोपाठच्या शॉटमध्ये जेवढी पसरण होती, तिच्या आतच सगळ्या टिपा आल्या. मऊ, मध्यम, कठीण असे वेगळे गट पडले नाहीत. टिप कुठे लागली यावर साइड ठरते. ठिपका दोन मिमी बाहेर गेला तर दिसणारा फरक हा टिपेच्या जातीच्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे.

स्क्रूसाठीही तसंच, ठिपका मध्याच्या खाली १० मिमी. वेग सारखा केल्यावर परत येण्याचं अंतर सारखं. वेग सारखा न करता मारलं तर कठीण टिप जास्त मागे आणते. म्हणजे प्रचलित समजाच्या उलट.

६ जुलै

मग मऊ टिपेची ख्याती आली कुठून? त्यासाठी मिसक्यूची सीमा तपासली. ठिपका एकेक मिमी बाहेर नेत गेलो. ताजी गोलाई, ताजा चॉक: मऊ आणि कठीण दोन्ही १४ मिमीच्या आसपास टिकल्या, मग सुटल्या.

नंतर कठीण टिप आठवडाभर रोजच्या खेळात वापरून, न खरवडता, परत झोक्याला लावली. माथा चकाकत होता, चॉक लागतच नव्हता. वरवर निळा दिसायचा आणि पहिल्या शॉटला उडून जायचा. ११-१२ मिमीलाच मिसक्यू. टिप पिकने (बारीक टोकांचं हत्यार) हलकं टोचून, वर २२० चा पेपर एकदा फिरवल्यावर तीच टिप पुन्हा १४ मिमीवर आली.

गफलत इथे होते. जुनी, चकाकलेली, चपटी झालेली कठीण टिप काढून नवी मऊ टिप बसवली की साइड ‘वाढते’. वाढ नव्या गोलाईची आणि चॉक धरण्याची असते, श्रेय मऊपणाला जातं. मऊ टिपेचा खरा गुण एवढाच की ती चॉक सहज धरते आणि दुर्लक्ष केलं तरी लवकर चकाकत नाही. तिचा दोष तितकाच खरा: गोलाई लवकर चपटी होते, आणि १७ जूनच्या हिशोबाने चपटी टिप म्हणजे पुन्हा मिसक्यू.

९ जुलै

स्वस्त एकसंध मऊ टिप दुधात भिजवून दाबण्याचा जुना अमेरिकन उपाय. यामुळे ती घट्ट होते, फुगत नाही आणि चॉक धरण्याचा गुण राहतो असा दावा. वाटीभर दूध, त्यात टिपा बुडवून, वर वजन ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये. बाहेर भिजवू नयेत, नासतं. मग पुसून, दोन सपाट स्टीलच्या पट्ट्यांमध्ये ठेवून शिकंज्यात आवळल्या. एकदम नाही, दर काही तासांनी पाव फेरा. पहिल्या खेपेला एकदम आवळल्या आणि टिपा कडेला चिरल्या.

१७ जुलै

पुण्याच्या जुलैत या टिपा सुकत नाहीत. शिकंज्यातून काढलेल्या दोन टिपा तासाभरात परत फुगल्या, एकीला बुरशीचा वास. उरलेल्या आवळलेल्या अवस्थेतच, सी-क्लॅम्पसकट, सिलिका जेलच्या पुड्या भरलेल्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या. पुड्या दर दोन दिवसांनी तव्यावर मंद गरम करून परत. आठवड्याने कोरड्या झाल्या. जाडी साधारण एक तृतीयांश उतरली, ड्युरोमीटरवर मध्यमच्या गटात आल्या आणि आपसातला फरकही कमी झाला. झोक्यावर त्यांचं वागणं मध्यम थरांच्या टिपेसारखंच. शंभराच्या टिपेला हे फार मोलाचं आहे. हे काम मात्र मार्च-एप्रिलमध्ये करून ठेवावं, पावसात करू नये.

२२ जुलै

दमटपणा. रात्री एसी बंद असताना रॅकवर राहिलेल्या मऊ टिपा सकाळी व्हर्निअरवर किंचित रुंद आणि ड्युरोमीटरवर तीन-चार अंकांनी खाली. कठीण टिपांत जेमतेम एका अंकाचा फरक. मऊ टिप पावसाळ्यात दर आठवड्याला कडेने कापावी लागते आणि कापून-घासून ती लवकर संपते. क्लॉथही ओलसर असल्याने व्हाइट जड चालतो, खेळाडू जोरात मारतात आणि टिप आणखी चेपते. हाऊस क्यूसाठी कोणती टिप घ्यायची, याचा निम्मा निर्णय या नोंदीतच झाला.

२८ जुलै

ब्रेक. इथे मात्र कठीणपणाचा हिशोब खरा आहे. फिनॉलिकने व्हाइट स्पष्टपणे जोरात जातो, आवाज कडक, आणि टिप चेपत नाही. पण तिच्यावर चॉक फार टिकत नाही. मध्यापासून थोडंसं सुटलं की मिसक्यू, आणि जोरात मिसक्यू झालेला व्हाइट टेबलाबाहेर जातो. खरवडलेली फिनॉलिक बॉलवर ओरखडे उठवते. तिचा माथा ६०० च्या वर घासून गुळगुळीत ठेवावा.

खेळायच्या शाफ्टवर फिनॉलिक बसवू नये. मऊ टिप शोषून घेते तो धक्का थेट फेरूलला बसतो. जुन्या प्लॅस्टिकच्या फेरूलला ब्रेकनंतर केसाएवढी चीर दिसली, भिंगातून. स्पर्धेला जाणाऱ्यांनी आयोजकांकडून आधी विचारून घ्यावं: जागतिक पूल संघटनेच्या साधनांच्या नियमांत टिप चामड्याची किंवा दुसऱ्या तंतुमय अथवा लवचिक पदार्थाची असावी आणि १४ मिमीपेक्षा रुंद नसावी असं आहे. अगदी कडक टिपांबद्दल जागोजागी वेगळा निर्णय होतो.

५ ऑगस्ट

बसवलं ते असं. हाऊस क्यूंना एकसंध, कठीणाकडे झुकणाऱ्या टिपा, ड्युरोमीटरवर ७८ ते ८२ मधल्या निवडून. डब्यातल्या त्याबाहेरच्या बाजूला ठेवल्या. रोज सकाळी झाडलोट झाल्यावर प्रत्येक टिपेला पिकचे चार-पाच हलके टोचे, सोमवारी रुपयाच्या नाण्याने गोलाई तपासणी. दोन ब्रेक क्यूंना फिनॉलिक, बटावर लाल टेप, म्हणजे कोणी चुकून खेळायला घेणार नाही. स्वतःचा क्यू आणणाऱ्यांनी विचारलं तर मध्यम थरांची सुचवायची. मऊ हवीच असेल तर घ्यावी, हाताला तिचा आवाज आणि जाणीव आवडत असेल तर ते पुरेसं कारण आहे, पण कड कापायची तयारी ठेवावी.

एका हाऊस क्यूला टिप, जेल, पेपर, पातं धरून दीडशेच्या आत खर्च. वेळ कोरडं व्हायचा सोडून अर्धा तास, त्यातला सर्वांत जास्त फेरूलचा माथा सपाट करण्यात. बसवल्याची तारीख बटाच्या रबराखाली पेनाने लिहिली आहे. टिपेची उंची ३ मिमीच्या खाली आली की बदलायची. त्याहून पातळ टिप कोणत्याही जातीची असली तरी फेरूलच मारत असल्यासारखी लागते.